तीनच्या खेळाचा शेवट

ओळखलंत का मला? नसेलच ओळखलं. आजूबाजूला अंधार झाल्याशिवाय मी कोणाच्या ओळखीचा होत नाही. मी एक जुना चित्रपट बोलतोय. काळा-पांढरा, सव्वादोन तासांचा, बारा पत्र्याच्या डब्यांत गुंडाळून ठेवलेला. पहिल्या डब्यावर माझं नाव रंगवलं होतं, पण हाताळून हाताळून ते उडालं. आता तिथे नुसता एक काना उरलाय. तेव्हा नावाचं राहू द्या.

माझा जन्मही अंधारातच झाला. एक लांबलचक खोली, कोपऱ्यात मिणमिणता लाल दिवा. तुरट वासाच्या पाण्यातून मला बुडवत बुडवत पुढे नेत होते, आणि एकेका टाकीतून वर येताना माझ्या अंगावर माणसं उमटत होती. आधी डोळ्यांच्या बाहुल्या उमटल्या, मग केस, मग एका खोलीची खिडकी. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला भिंगातून तपासलं. बारावा डबा बघता बघता त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "अगं, दोष काही नाहीये यात. पण मी जरा चहा पिऊन येते."

तेव्हा मला कळलं, की माझ्या पोटात काहीतरी जड आहे.

काय आहे ते सांगतो. एक थोरली मुलगी आहे. तिचे वडील होड्या बांधायचे. करवतीखाली हात गेला आणि होड्या संपल्या. सगळं घर एका खोलीत येऊन राहतं. थोरली एका धुलाईघरात चादरी धुते, आणि घरी आल्यावर धाकट्यांना जेवू घालते. समोरच्या माडीवर घड्याळं दुरुस्त करणारा एक तरुण राहतो. तो घड्याळाच्या काचेवर ऊन झेलतो आणि तिच्या भिंतीवर कवडसा पाडतो. कवडसा भिंतीवर हलला की थोरली हसते. एवढंच त्यांचं प्रेम, पण चार डबे भरतील इतकं आहे. पुढे त्याला जहाजावर नोकरी मिळते. "माझ्याबरोबर चल," तो म्हणतो. ती हो म्हणते. निघायच्या दिवशी सगळ्यात धाकटा तापाने फणफणतो, आणि थोरली धक्क्यावर पोचत नाही. जहाज जातं. ते परत येत नाही. शेवटच्या डब्यात थोरली गच्चीवर चादरी वाळत घालत असते. पोस्टमन जिना चढून येतो, पत्र पुढे करतो, त्याला तोंडाने काही सांगता येत नाही. ती पत्र कमरेला खोचते आणि उरलेल्या चादरी वाळत घालू लागते. एक, दुसरी, तिसरी. पडदा हळूहळू पांढरा होत जातो, इतका की थोरली दिसेनाशी होते. संपलं.

माझ्यासारख्या चौदा प्रती निघाल्या. तेरा भावंडं मोठ्या शहरांत गेली. मी शेंडेफळ, माझ्या वाट्याला एक लहानसं थिएटर आलं. लाकडी खुर्च्या, गळका नळ, आणि वरच्या बाजूला कोंदट खोलीत दोन यंत्रं. त्या यंत्रांचा धनी म्हणजे ऑपरेटर.

उंच, वाकलेला, तिशीचा माणूस. बाहीला नेहमी काजळी. यंत्रात दोन कार्बनच्या कांड्या टोकाला टोक लावून जळत असायच्या, त्यांच्या प्रखर उजेडावर त्याची सतत नजर. दर दहा-अकरा मिनिटांनी माझा एक डबा संपायचा. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका उमटला रे उमटला, की तो दुसरं यंत्र सुरू करायचा. प्रेक्षकांना कधी सांधा दिसला नाही. कामात इतका चोख, की माझ्या अंगावर बोटाचा ठसासुद्धा उमटू द्यायचा नाही. मी अडकलो तर मात्र माझी खैर नसायची. "आता काय झालं लाडोबाला? सरळ चालायला काय होतं?"

चालणं म्हणजे माझ्यासाठी काय होतं, ते कसं सांगू? माझं एकेक चित्र क्षणभर खिडकीशी थांबतं, उजेड आरपार जातो, की पुढचं चित्र. सेकंदाला चोवीस वेळा. थांबलेला असतो तेव्हा माझ्यातलं काहीच हलत नाही. उजेड अंगातून गेला की मात्र कवडसे हलतात, चादरी फडफडतात, आणि खाली अंधारात बसलेली तीनशे माणसं एकदम श्वास घेतात. ते स्वप्न मला पडायचं की त्यांना, हे मला कधीच उमगलं नाही.

आता तिच्याबद्दल.

खाली तिकिटाच्या खिडकीत एक बाई बसायची. पंचवीस-सव्विशीची. थिएटरात सगळे तिला ताई म्हणायचे, मॅनेजरसुद्धा, आणि मॅनेजर तिच्या बापाच्या वयाचा. घरी ती तिघांची ताई होती. दोन भाऊ, एक बहीण. आई नव्हती. वडील गवंडी, परांचीवरून पडले ते अंथरुणालाच खिळले. त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं तरी ताईच लागायची.

ऑपरेटरची मोठी पंचाईत झाली. ताई म्हणायला जीभ रेटेना, आणि नावाने हाक मारण्याइतकी ओळख नव्हती. शेवटी त्याने 'अहो'वर भागवलं. "अहो, ऐकलंत का, वर पाणी संपलंय." खालचे लोक गालातल्या गालात हसायचे. तीही मान खाली घालून हसायची. "येते हो, ऑपरेटर," म्हणायची.

तीनच्या खेळाची तिकिटं संपली, मध्यंतर झालं, की तिला थोडी उसंत असे. मग ती जिना चढून वर यायची, स्टुलावर बसायची आणि भिंतीतल्या दुसऱ्या झरोक्यातून मला बघायची. जेवणाच्या डब्यातलं अर्धं ती खायची, अर्धं न बोलता त्याच्याकडे सरकवायची. अकरावा डबा संपत आला, की तिला उठावं लागे; सहाच्या खेळासाठी खिडकी उघडायची असे. त्यामुळे तिने माझा शेवट कधी पाहिलाच नव्हता.

पहिल्याच आठवड्यात तिने जिन्यावरून वळून विचारलं, "शेवटी काय होतं हो?"

ऑपरेटरच्या हातात बारावं रीळ होतं. तो घुटमळला. म्हणाला, "लग्न होतं. तो परत येतो."

"जहाज येतं?"

"येतं तर! न येऊन सांगतंय कोणाला?"

मी थक्क झालो. माझ्या अंगावर असलं काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, "कसा येतो तो?" आणि त्याने सांगितलं, "दाढी वाढवून येतो. धाकटा त्याला ओळखतच नाही, दार लावून घेतो." तिसऱ्या दिवशी दाढीवाल्याने थोरलीसाठी घड्याळ आणलं. चौथ्या दिवशी वडिलांनी एका हाताने छोटी होडी बांधली. मी सात आठवडे चाललो. सात आठवड्यांत त्या माणसाने नुसत्या तोंडाने एक आख्खा तेरावा डबा भरला. खरं सांगू? मला पहिल्यांदा राग आला. नंतर मीही कान देऊन ऐकू लागलो.

शेवटच्या आठवड्यात गोष्ट अंगाशी आली. थिएटर संध्याकाळी कसल्याशा सभेला दिलं होतं. सहाचा खेळ नाही म्हणजे खिडकी उघडायची नाही. ती मध्यंतरात आली ती ऐसपैस बसली.

"आज शेवटपर्यंत बघणार," ती म्हणाली.

ऑपरेटरचं तोंड कागदासारखं झालं. दहावा डबा यंत्रावर चढवून त्याने बारावा उचलला, तिच्याकडे पाठ केली आणि कात्री घेतली. मला कधी कात्री लागली नव्हती. पोस्टमन जिन्यावर पहिलं पाऊल टाकतो, नेमकं तिथे त्याने मला कापलं. दुखलं नाही, नुसतं हलकं हलकं वाटलं. पुढचा तुकडा त्याने गुंडाळून खिशात घातला.

त्या दिवशी प्रेक्षकांनी असं पाहिलं: थोरली गच्चीवर चादर झटकते, जिन्यावर कोणाच्या तरी पावलांचा आवाज येतो, ती वळून बघते. दिवे लागले. लोक जरा चुळबुळले. "एवढंच?" कोणीतरी म्हणालं. मग पांगले.

वर दोघं तशीच बसून होती. कांड्या विझवल्यावर यंत्र कटकट करत थंड होत होतं.

"दाढी कुठाय?" तिने विचारलं.

"अं?"

"दाढी वाढवून येतो म्हणाला होतात. मला तर कोणी दिसलं नाही."

"ते... त्या तुकड्याची प्रत जरा खराब झालीय," ऑपरेटर म्हणाला.

"अहो ऑपरेटर," ती सावकाश म्हणाली, "खेळ सुटतो तेव्हा मी खिडकीत असते. तीनशे माणसं माझ्या नाकासमोरून बाहेर पडतात. लग्न बघून आलेली माणसं अशी नाकं पुसत नाहीत."

तो खाली बसला.

"मग रोज विचारायचात कशाला?"

"तुम्ही आज काय सांगताय ते ऐकायला." ती उठली. "घरी कोणी मला असलं काही सांगत नाही. औषध संपलंय, फी भरायचीय, एवढंच सांगतात. आता खिशातलं काढा आणि जोडा. खरं काय आहे ते बघू द्या मला."

त्याने तुकडा काढला. कडा खरवडल्या, ब्रशने डिंकासारखं रसायन लावलं आणि मला दाबून धरलं. तो सांधा माझ्या अंगावर अजून आहे. यंत्रातून जाताना बारीकसा टक्क वाजतो. ती खाली जाऊन रिकाम्या थिएटरात मधल्या रांगेत बसली आणि त्याने फक्त बारावा डबा लावला. एका माणसासाठी चाललेला तो माझा पहिलाच खेळ. पोस्टमन आला. पत्र कमरेला गेलं. चादरींनी पडदा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्या उजेडात मला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. ती रडत नव्हती. एखादी बाई शेजारणीचं काम बघते ना, तशी बघत होती.

वर येऊन ती म्हणाली, "चादरी वाळत घातल्या ते बरं केलं तिने. तशाच राहिल्या असत्या तर वास मारला असता."

आणि मग ती रडली. ऑपरेटरने काजळीची बाही पुढे केली, लक्षात येताच मागे घेतली, आणि एकदम विचारून टाकलं, "माझ्याशी लग्न कराल?"

तिने डोळे पुसले. "धाकटी सातवीत आहे. बाबांना माझ्याशिवाय वळता येत नाही. तुम्ही थांबू नका माझ्यासाठी."

"थांबतोय कुठे? माझी नोकरीच इथे आहे," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी मोठ्या शहरातल्या नव्या थिएटरचं त्याला बोलावणं आलं. वातानुकूलित केबिन, हाताखाली दोन माणसं. त्याने ते पत्र चार दिवस माझ्या डब्यावर ठेवलं होतं. पाचव्या दिवशी त्याच पत्राच्या मागच्या बाजूवर कार्बनची मागणी लिहून मॅनेजरला दिली. मी मनात म्हटलं, हा गृहस्थ जहाजावर चढत नाही.

मला परत न्यायला कोणी आलंच नाही. ज्या कंपनीने मला पाठवलं होतं ती बुडाली, आणि मी केबिनमधल्या फळीवर राहिलो. रंगीत चित्रपट आले, मोठमोठ्याने बोलणारे. वर्षातून दोन-तीनदा एखादा चित्रपट वेळेवर पोचला नाही, की ऑपरेटर फळीकडे हात करायचा, "चला लाडोबा." ती स्टुलावर असायचीच. भाऊ शिकून दूर गेले. एक पत्र पाठवी, दुसरा विसरला. धाकटीचं लग्न होऊन ती सासरी गेली. वडील मात्र राहिले. सतरा वर्षं राहिले. ताईने कधी त्यांच्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही, फक्त एकदा जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाली, "आज बाबा म्हणाले, मी तुझी वाट अडवून बसलोय. मी म्हटलं, गप्प झोपा, वाट कुठे पळून जात नाही." ऑपरेटर खूप वेळ कांड्या सारख्या करत राहिला.

वडील गेले, त्यानंतर पंधरा दिवसांनी ती जिना चढून आली. आताशा तिला धाप लागायची. केसांत रुपेरी बटा. दारात उभी राहूनच ती म्हणाली, "आता विचारा."

"काय?"

"मागे विचारलं होतंत ते."

ऑपरेटर सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याने हातातलं रीळ चुकीच्या बाजूने यंत्रावर चढवलं. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या दिवशी खाली तीनशे लोकांनी दोन मिनिटं सगळी माणसं उलटी टांगलेली पाहिली आणि शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. सोमवारी सकाळी दोघं कचेरीत जाऊन सह्या करून आली. तीनच्या खेळाला दोघंही आपापल्या जागेवर हजर.

त्यांना अकरा वर्षं मिळाली. मी मोजली आहेत. शेवटची पाच मी त्यांच्या घरीच होतो, कारण थिएटर बंद पडलं, आणि सामान भंगारात जायच्या आधी ऑपरेटरने मला हातगाडीवर घालून आणलं. पलंगाखाली बारा डबे. मला तोवर व्हिनेगरसारखा वास येऊ लागला होता. म्हातारपणी आम्हाला तो येतोच. "ही सवत आणलीत घरात, आणि वर तिचा वास," ती म्हणायची, आणि पलंगाखाली वाकून डबे पुसायची. तो तिला अजून 'अहो'च म्हणायचा. आता हसायला कोणी नव्हतं, म्हणून ती दोघंच हसायची.

मग तिची धाप वाढली. एका दुपारी ती पलंगावर आडवी झाली. "थोडं पडते," म्हणाली. मी खालीच होतो. वरून येणारा तिचा श्वास मी ऐकत होतो. तो थांबला तेव्हा ऑपरेटर स्वयंपाकघरात चहा गाळत होता. त्याने दोन कप आणून ठेवले. दुसरा कप संध्याकाळपर्यंत तिथेच होता.

वर्षभर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग एक दिवस डबे ओढून काढले, दोन पिशव्यांत प्रत्येकी एक घातला आणि बसने जुने चित्रपट जपणाऱ्या एका संस्थेत गेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. सहा दिवसांत मी इथे आलो. फॉर्म भरून घेणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, मालक कोण याचे?"

"मालक कोणी नाही."

"मग तुमचं नातं काय?"

त्याने पेन घेतलं, विचार केला आणि लिहिलं: 'दाखवणारा.'

माझी तपासणी झाली. तेरा भावंडांपैकी एकही शिल्लक नाही, असं त्या मुलीने शोधून काढलं. मी आकसलोय, ठिसूळ झालोय. एकदाच, अगदी हळुवार, मला चालवायचं, त्यातून नवी प्रत बनवायची आणि मग मला कायमचं थंड खोलीत ठेवायचं, असं ठरलं. त्या एका खेळाला तिने ऑपरेटरला बोलावलं. तो सवयीने केबिनचा जिना चढू लागला. तिने त्याचा हात धरला. "आज तुम्ही खाली बसायचं, आजोबा."

वीस-बावीस वर्षं त्याने मला दाखवलं होतं, पण काचेच्या झरोक्यातून. दोन यंत्रांच्या खडखडाटात. खुर्चीत बसून, शांत अंधारात, त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं. धक्क्याचा प्रसंग आला. जहाज निघतं, तरुण कठड्याशी उभा राहून किनारा बघतो. तिथे संवाद नाहीत, संगीत नाही. ऑपरेटर खुर्चीत पुढे सरकला.

"पाणी वाजतंय," तो म्हणाला.

"हो. धक्क्याला लाटा लागतायत," मुलगी कुजबुजली.

"हे यात होतं?"

"पहिल्यापासून आहे, आजोबा."

तो ऐकत राहिला. माझ्या कडेला आवाजाची एक नागमोडी रेघ आहे, तिच्यात ते पाणी जन्मापासून होतं, आणि माझ्या सगळ्यात जवळच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. तो मुलीकडे वळून हसत म्हणाला, "घरी गेल्यावर सांगतो तिला."

मग तो थांबला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, त्याचं काय करावं त्याला कळेना.

मुलीला काही ठाऊक नव्हतं. "सांगा ना," ती म्हणाली.

उरलेले डबे तो डोळे मिटून बघत होता. चादरींनी पडदा पांढरा झाला तेव्हा उजेड त्याच्या पापण्यांवर पडला. दिवे लागल्यावरही तो लगेच उठला नाही. मुलगीही बसून राहिली. नंतर त्याने तिचा हात हातात घेतला, दोनदा थोपटला आणि बसच्या वेळेला निघून गेला.

आता मी थंड खोलीत आहे. इथे बारा महिने एकच हवा, एकच अंधार. यंत्रावर मी पुन्हा चढणार नाही. माझी नवी प्रत मात्र तुमच्याकडे येईल, माझ्यापेक्षा स्वच्छ, ओरखडे पुसलेली. तिच्यावर माया करा. मला एवढंच मागायचंय: माझ्यासारखा एखादा जुना चित्रपट कुठे लागला, तर अर्ध्यावर उठू नका. संवाद नसतील तिथे कान द्या. मग घरी जा, आणि घरात कोणी असेल, तर आज काय ऐकलंत ते आजच सांगा.